गुण ३६, मग २९ : मोठ्या वयातल्या ऑटिझमच्या शंकेचं एक प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस वेशीवर येऊन अडलेला आणि कूलर नुसती दमट हवा फेकत होता. अशा दुपारी ती पहिल्यांदा आली. वय ३९. नागपुरातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा वर्षं टेक्निशियन, गेल्या चार महिन्यांपासून इनचार्ज. हातात पारदर्शक फोल्डर, आत ऑटिझमच्या तीन ऑनलाइन चाचण्यांच्या प्रिंट, प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. वेळा होत्या रात्रीचे १२.४०, १.१५ आणि १.५०. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, पंखा बंद केला तर चालेल का? टकटक करून राहिला." त्या खोलीत मी सहा वर्षं बसते. पंखा टकटक करतो हे मला त्या दिवशी कळलं.

हे तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी समुपदेशक आहे. ऑटिझमचं निदान माझ्या कक्षेत येत नाही, ते मनोविकारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. माझं काम त्याच्या अलीकडचं. माणूस जी शंका घेऊन येतो, ती तज्ज्ञाच्या टेबलावर नीट मांडता येईल इतपत सुटी करून द्यायची. इथे त्याला पाच बैठका लागल्या.

शंका कुठून आली

भावाचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, पाच वर्षांचा. त्याचं ऑटिझमचं निदान मार्चमध्ये झालं. तपासणीच्या दिवशी वहिनीसोबत ही गेली होती. वहिनीला एकेक प्रश्न विचारत होते. कपड्याचं लेबल टोचतं का, ठरलेला रस्ता बदलला तर रडतो का, एकच गोष्ट पुन्हापुन्हा रांगेत लावतो का. "वहिनी 'हो' म्हणायची आणि तिच्या डोळ्यात पाणी यायचं. आणि मी बाजूला बसून विचार करून राहिली होती, यात रडण्यासारखं काय आहे? मी पण तर अशीच आहे."

दुसरं कारण नोकरीतलं. लॅबमध्ये तिचं नाव होतं ते स्लाइड वाचण्यासाठी. मशीननं शंका दाखवली की काच तिच्याकडे यायची. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठली कोणत्या जातीची ते काउंटरच्या बटणांवर दाबत जायचं, आणि शंभर झाले की काउंटर 'टिंग' करतो. "त्या टिंगपर्यंत मला कोणी हात लावू नये असं वाटतं," ती म्हणाली. डेंग्यूच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत प्लेटलेटच्या काचा बघायची, आणि थकवा म्हणून नाही. इनचार्ज झाली आणि सूक्ष्मदर्शक सुटला. आता दर पाच मिनिटांनी फोन, रिपोर्ट कधी मिळेल म्हणून डॉक्टरांचे, सॅम्पल कुठे द्यायचं म्हणून कलेक्शनच्या पोरांचे. ड्युटी चार्ट. कोणाची सुट्टी कोणाला का दिली. चार महिन्यांत तिच्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी झाल्या, दोन्हींचा मथितार्थ एकच, मॅडम बोलत नाहीत आणि बोलल्या की थेट चूक काढतात.

तिसरं कारण तिनं तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही जाता जाता. सासरच्या एका आत्या घरी आल्या. हिनं विचारलं, "चहा घेणार?" त्या म्हणाल्या, "नको गं, आत्ताच घेतला." हिनं ठेवला नाही. सोळा वर्षांच्या संसारात हे कितव्यांदा झालं ते तिला मोजता येईना. आपल्याकडे पहिल्या 'नको'चा अर्थ 'नको' नसतो, तिसऱ्याचा असला तर असतो. तिला हे माहीत आहे, आता पाठ आहे. पण त्या क्षणी ऐकू येतो तो शब्दच. या आणि असल्या गोष्टींवरून तिला सासरी शिष्ट म्हणतात, माहेरी घुमी म्हणायचे, आणि लॅबमध्ये मागून काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. मराठीत अशा माणसांसाठी शब्दांची वानवा नाही. एककल्ली, तुसडा, माणूसघाणा, विक्षिप्त. 'स्वमग्न' हा त्यातला सभ्य शब्द, आणि तोच आपण ऑटिझमसाठी अधिकृत म्हणून घेतला. तिनं तो ऐकून मान हलवली. "मी स्वतःत कुठे मग्न आहे? मी तर दिवसभर दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून राहते, की आता काय चुकलं." त्यानंतर मी तिच्यापुरता 'ऑटिझम' हाच शब्द वापरला.

माझी चूक

पहिल्याच भेटीत मी एक वाक्य बोलले ते बोलायला नको होतं. वीसेक मिनिटं ती सलग, नीट, माझ्याकडे बघत बोलली होती. मी म्हणाले, "पण तुम्ही तर छान संवाद साधता, नजरेला नजर देऊन." हेतू धीर देण्याचा होता. ती गप्प झाली आणि उरलेला वेळ फोल्डरचं बटण लावत-उघडत बसली.

पुढच्या भेटीत तिनं एक खिशातली डायरी काढून टेबलावर ठेवली. लॅबच्या डब्याच्या पिशवीत असते ती. पानावर वार आणि पुढे वाक्यं. 'सोमवार: फ्लेबोटॉमिस्टला (रक्त घेणाऱ्याला) विचारायचं, मुलीचा दहावीचा निकाल. मंगळवार: रिसेप्शन, नवीन साडी दिसली तर बोलायचं. बुधवार: काही नाही.' बोलून झालं की समोर बरोबरची खूण. "आणि तुमच्याकडे मी तीन सेकंद बघते, मग दोन सेकंद तुमच्यामागच्या कॅलेंडरकडे. बारावीत ठरवलं होतं असं." माझ्या शेऱ्यानं तिला जे ऐकू गेलं ते असं, की तुझी मेहनत इतकी चांगली आहे की तुझा त्रास खरा नसणार. हे झाकण्याचं मोजमाप करायलाही एक प्रश्नावली आहे, २०१९ मध्ये आलेली, २५ प्रश्नांची. मी ती दिली नाही. डायरी पुरेशी होती.

३६ म्हणजे किती

तिनं सोडवलेल्या तीन चाचण्यांपैकी मुख्य होती एक्यू, ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, ५० वाक्यांची. प्रत्येक वाक्याला चार उत्तरं, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. पण गुण देताना 'पूर्ण' आणि 'थोडं' यात फरक करत नाहीत. दिशा जुळली की एक गुण. उंबरठा ३२. तिचे ३६. दुसरी एक्यूचीच दहा वाक्यांची छोटी आवृत्ती, २०१२ ची, उंबरठा ६, तिचे ८. तिसरी आरएडीएस-आर, २०११ ची, ८० वाक्यांची, उंबरठा ६५; तिचे १४१. तिन्हींत ती बरीच वर होती, आणि त्यामुळे तिच्या मते प्रश्न सुटला होता. फक्त शिक्का हवा होता.

मी कागद घेतला. मूळ अभ्यासात ऑटिझमचं निदान असलेल्या प्रौढांपैकी साधारण ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त गुण मिळाले, आणि इतर लोकांपैकी २ टक्क्यांना. ऐकायला हे भक्कम वाटतं. आता समजा शंभरात एक माणूस ऑटिस्टिक आहे आणि आपण नागपूरच्या बर्डी बाजारातल्या मेन रोडवर सहज भेटलेल्या हजार जणांना ही चाचणी दिली. दहा ऑटिस्टिक, त्यातले आठ वर. उरलेले ९९०, त्यातले २ टक्के म्हणजे वीस वर. एकूण अठ्ठावीस जण उंबरठ्यावर उभे, आणि त्यात ऑटिस्टिक आठ. तिनं कागदाकडे पाहिलं आणि एका वाक्यात माझं काम संपवलं, "म्हणजे ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, नुसती शंका दाखवणारी, कन्फर्मेटरी नाही. हे तर आम्ही रोज पेशंटला सांगतो."

पण ती बर्डीवर सहज भेटलेली बाई नव्हती. तिला त्रास होता, घरात निदान झालेलं मूल होतं. अशा, तज्ज्ञाकडे पोचलेल्या लोकांमध्ये चाचणी कशी चालते? फार बरी नाही. २०१६ मध्ये लंडनच्या एका निदान केंद्राकडे पाठवलेल्या ४७६ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छोट्या आवृत्तीत उंबरठ्याच्या खाली राहिलेल्यांपैकी ६४ टक्के लोक प्रत्यक्षात ऑटिस्टिक निघाले. आणि ज्यांना सतत चिंतेचा विकार होता त्यांचे गुण ऑटिझम नसतानाही चढलेले असायचे. म्हणजे दोन्हीकडून फसगत. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो तो चिंतेच्या या मुद्द्यासाठी. समोर बसलेली बाई रात्री पावणेदोनला, पहिली तक्रार हाती पडल्याच्या आठवड्यात, चाचणी सोडवत होती.

पन्नास वाक्यं, पुन्हा

म्हणून आम्ही एक्यू पुन्हा सोडवली. दिवसा, कागदावर, दोन बैठकींत. नियम एकच. प्रत्येक उत्तरासमोर एक प्रसंग लिहायचा, कुठे, कोणासोबत, काय झालं. जमल्यास दुसरा प्रसंग बारा वर्षांच्या आतला. प्रसंग आठवत नसेल तर उत्तर पेन्सिलीनं.

पहिली गोष्ट समोर आली ती भाषेची. तिनं आधी इंग्रजी पानाचं मोबाइलनं आपोआप केलेलं मराठी वाचलं होतं. ज्या वाक्याचा अर्थ 'न बोललेलं ओळखता येतं का' असा आहे, ते तिथे 'मला ओळींच्या मध्ये वाचणे सोपे जाते' असं आलं होतं. तिनं पूर्ण असहमत केलं. कारण? "ओळींच्या मध्ये तर काहीच नसते ना जी." आता हे शब्दशः घेणं तिचं की मोबाइलचं, हे त्या उत्तरावरून कोण सांगणार? आम्ही ते खोडून असं विचारलं: कोणी टोमणा मारला तर तेव्हाच कळतो का? तिनं तीन प्रसंग लिहिले. तिन्हींत टोमणा नवऱ्यानं रात्री समजावून सांगितला होता.

इकडचं तिकडचं बोलायला आवडतं का, याचं भाषांतरही असंच विचित्र झालं होतं. 'पार्टी' शब्द जसाच्या तसा होता, आणि तिच्या आयुष्यात पार्टी नावाची गोष्टच नाही. आहे ते हळदीकुंकू, डोहाळजेवण, मे महिन्यातली लग्नं. तिथे ती जाते. काम अंगावर घेते, वाढायला उभी राहते, कारण वाढणाऱ्याला गप्पा माराव्या लागत नाहीत. तिचं मूळ उत्तर होतं, समारंभ आवडतात. बरोबरच होतं ते.

नाटक आवडेल की संग्रहालय, असंही एक वाक्य आहे. नाटकाला ती वर्षातून एकदा जाते, नवऱ्याच्या ऑफिसातून पास मिळतात म्हणून. अजब बंगल्यात लहानपणी वडील न्यायचे, आणि १८६३ सालचं ते संग्रहालय तिला अजून दालनानुसार पाठ आहे. गाड्यांचे नंबर लक्षात येतात का? एमएच ३१ आणि एमएच ४९ यांचं लॅबच्या पार्किंगमधलं प्रमाण तिनं न विचारता सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लहानपणीच्या लुटुपुटूच्या खेळांवर. वाक्य साधं आहे: लहानपणी इतर मुलांसोबत असे खेळ खेळायला आवडायचे. तिनं सहमत केलं होतं, त्यामुळे गुण शून्य. भातुकली रोज खेळायची, मग आणखी काय. मी प्रसंग विचारला. म्हणाली, आईला विचारून सांगते.

दोन बैठकींनंतर बेरीज आली २९. उंबरठ्याच्या खाली. सात वाक्यं उलटली होती, बहुतेक 'थोडं सहमत'ची 'थोडं असहमत' झाल्यानं. तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी नाही?" चार महिने ज्या शब्दाला धरून ती उभी होती तो निसटत होता. मी म्हणाले, तुम्हीच सांगा, हिमोलाइज झालेल्या, म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या सॅम्पलचा पोटॅशियम वाढून आला तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, रिपोर्ट रोखते, दुसरं सॅम्पल मागवते. मग या दोन आकड्यांकडेही तसंच बघा, मी म्हणाले. आपल्याकडे आता आकड्यापेक्षा चांगली गोष्ट आहे, एक्केचाळीस प्रसंग.

चिंता मोजणं राहिलं होतं. चिंतेच्या जीएडी-७ या प्रश्नावलीत २१ पैकी १३, खिन्नतेच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ११. दोन्हींत १० च्या वर म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अवधान-अस्थिरतेची (एडीएचडीची) सहा प्रश्नांची चाळणी लावली, त्यात ती बसली नाही. थायरॉइड तिनं स्वतःच्याच लॅबमध्ये आधीच तपासलं होतं, ठीक होतं. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नावर, मरून जावंसं वाटण्याच्या, तिनं 'काही दिवस' वर खूण केली होती. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हा प्रश्न मी कधीच कागदावर सोडत नाही. तोंडी विचारलं. तयारी, साधन, ठरवलेलं असं काही नव्हतं. 'सकाळी उठूच नये' इतपत होतं. तरी त्याच दिवशी तिच्यासमोर नवऱ्याला फोन केला आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घातला. झोप आणि चिंतेवरचं काम तिथपासून सुरू केलं. आधी चिंता बरी करा, मग ऑटिझमचं बघू, असं म्हणणारे सहकारी आहेत. मला ते पटत नाही. चिंता कशातून येतेय हेच ठाऊक नसेल तर ती बरी होण्याची वाट बघत किती महिने घालवायचे?

नवऱ्याशी वेगळं बोलले. भला माणूस. "तिला काही नाही हो, फक्त बोलायला शिकवा," एवढंच म्हणाला.

आई

ऑटिझम मोठेपणी सुरू होत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे सामाजिक देवाणघेवाणीतल्या तीनही प्रकारच्या अडचणी लागतात, आणि एकसुरी वागणं, बदल न खपणं, ठरावीक गोष्टीचं वेड, स्पर्श-आवाज-वास यांची वेगळी जाणीव या चारपैकी किमान दोन. आणि त्याची मुळं लहानपणात दिसायला हवीत, जरी त्रास पुढे वाढला तरी. स्वतः भरलेल्या कागदावर हे लहानपण चाळीस वर्षांच्या आठवणीतून येतं आणि आजच्या शंकेच्या रंगात बुडून येतं. म्हणून बघणारा दुसरा माणूस लागतो.

आई ७० च्या, इतवारीत राहतात. मी घरी गेले. आईंना 'ऑटिझम' शब्द सांगायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं; शब्द कळला की माणूस त्याला जुळेल तेच आठवतो. फक्त म्हटलं, काकू, ही लहानपणी कशी होती ते सांगा.

"अशीच होती बाप्पा. वरण भाताला लागलं की ताट सरकवून द्यायची. मी म्हणायची, काऊन गं, पोटात जाऊन एकच होते ना! नाही म्हणजे नाही. तिच्या बाबांनी मग कप्पेवालं ताट आणलं, स्टीलचं. लग्नापर्यंत त्याच्यातच जेवली." मारबतीच्या दिवसाबद्दल मी मुद्दाम विचारलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागातून काळी-पिवळी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते, ढोल-ताशे, गल्ली माणसांनी फुललेली. "बाकीची पोरं गॅलरीत लोंबकळायची. ही दिवाणाखाली. कानात कापूस. एकदा तर दुपारी तीनपर्यंत निघाली नाही." ढोलाला घाबरणारी पोरं गल्लीत आणखीही असतील, नुसत्या त्या एका गोष्टीवर मी काही उभं करणार नव्हते.

मग मी भातुकलीचं विचारलं. काकू हसल्या. "भातुकली? हो, रोज. पितळेची होती, माझ्या आईनं दिलेली, छत्तीस भांडी. ही ते काढायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. घंगाळ, बंब, पातेले, सगळे. लावून झालं की पाहत बसायची. शेजारची पोरगी यायची, ती म्हणायची चल भात करू, की ही रडायला लागायची. भांडं हलवलं ना तिनं!"

मी लिहिता लिहिता थांबले. 'लहानपणी लुटुपुटूचे खेळ आवडायचे: सहमत. गुण शून्य.' उत्तर खोटं नव्हतं. भातुकली आवडायची हे खरं होतं. फक्त त्या भातुकलीत कोणी जेवत नव्हतं, पाहुणे येत नव्हते, लटकी भांडणं होत नव्हती. विचारणाऱ्यानं खेळ कुठला ते विचारलं होतं, त्यात काय व्हायचं ते नाही.

काकूंनी पत्र्याच्या पेटीतून प्रगतिपुस्तकं काढली. दुसरी, चौथी, सातवी. तीन वेगळ्या बाई, तीन वेगळी अक्षरं. 'अक्षर सुंदर. वर्गात मिसळत नाही.' 'गणितात उत्तम. मधल्या सुट्टीत एकटी बसते.' 'हुशार पण हट्टी, जागा बदलल्यास त्रास देते.' ज्यांना काहीच सिद्ध करायचं नव्हतं अशा लोकांनी तेव्हाच लिहून ठेवलेलं ते होतं. तिन्हीच्या झेरॉक्स काढल्या.

चिठ्ठी

आता तज्ज्ञासाठी चिठ्ठी लिहायची होती. ब्रिटनमध्ये कुटुंबाच्या डॉक्टरांनी पुढे पाठवल्याशिवाय रांगेत नाव लागणं कठीण, आणि छोटी दहा वाक्यांची चाळणी तिथल्या नाइस या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१२ मध्ये सुचवली ती पाठवायचं की नाही हे ठरवण्यासाठी. नागपुरात ते दार उघडंच आहे. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स यांपैकी कुठल्याही सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागाच्या ओपीडीत कोणीही जाऊ शकतो. इथली अडचण वेगळी. त्या ओपीडीत गर्दी असते, आणि समोर नीटनेटकी, नोकरी करणारी, लग्न झालेली बाई 'मला ऑटिझम आहे असं मोबाइलवर आलं' म्हणाली तर दहा मिनिटांत चिंतेची गोळी लिहून दिली जाते. गोळी चुकीची नसते, पण प्रश्न तिथेच राहतो. त्यामुळे आपल्याकडे चिठ्ठी प्रवेशपत्र म्हणून नाही, त्या दहा मिनिटांसाठी लागते. एक पान, जास्त नाही.

तिच्या चिठ्ठीचा मधला भाग असा होता:

'इनचार्जपद मिळाल्यापासून चार महिने कामात अडथळे. त्याआधी पंधरा वर्षं त्याच लॅबमध्ये उत्तम काम. संवाद: टोमणे आणि आग्रह शब्दशः घेतात, बोलायची वाक्यं डायरीत लिहून पाठ करतात, नजर मोजून ठेवतात (नजरेला नजर देतात म्हणून अडचण नाही असं समजू नये). दिनक्रम: सतरा वर्षं सकाळचा तोच क्रम, मेट्रोचं काम चालू असताना रस्ता बदलावा लागला तेव्हा आठवडाभर उलट्या. इंद्रियसंवेदना: पंख्याचा आवाज, कपड्यांची लेबलं, एकमेकांना लागलेले पदार्थ. बालपण: आईची मुलाखत आणि तीन प्रगतिपुस्तकं सोबत. भाच्याला ऑटिझमचं निदान. चिंता आणि खिन्नता मध्यम, उपचार सुरू. नवव्या प्रश्नाबाबत विचारणा केली आहे. एक्यू: घाईत, यांत्रिक भाषांतरावरून ३६; प्रसंगांसह पुन्हा घेतल्यावर २९. दोन्ही आकडे निदानासाठी वापरण्यासारखे नाहीत.'

आणि शेवटी तिचं म्हणणं, तिच्याच शब्दांत: 'मला सवलत नको. मला हे काय आहे ते कळलं पाहिजे.' हे लिहिणं गरजेचं असतं, कारण प्रमाणपत्राचा मार्ग निराळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी वापरतात ते आयएसएए हे ४० मुद्द्यांचं भारतीय मोजमाप बोलत्या, नोकरी करणाऱ्या प्रौढ बाईला नीट बसत नाही. निदान झालं तरी तिथे आकडा खाली येऊ शकतो, आणि मग माणूस पुन्हा 'म्हणजे मी नाही?' वर येतो.

चिठ्ठीची प्रत तिला दिली. तिनं ती दोनदा वाचली, घडी घातली, काही बोलली नाही.

पुढे

तपासणी तीन भेटींत झाली, शेवटची मारबतीच्या आदल्या आठवड्यात. तज्ज्ञांनी आईलाही बोलावलं, बाईंची अक्षरं बारकाईनं पाहिली. निष्कर्ष: ऑटिझम स्पेक्ट्रम, आधाराची गरज सौम्य, सोबत चिंतेचा विकार. अहवालात एक्यूच्या गुणांचा उल्लेख एका ओळीत होता. भातुकलीचा परिच्छेद होता.

लॅबशी बोलणं तिनं स्वतः केलं, निदानाचा शब्द न उच्चारता. सकाळी दहा ते बारा स्लाइड तिच्या, फोन रिसेप्शनवर. ड्युटी चार्ट आता दुसरा सहकारी करतो आणि त्याला तो आवडतो. इनचार्जचा भत्ता गेला. नवरा महिनाभर यावर नाराज होता.

सप्टेंबरच्या शेवटी ती फॉलोअपला आली तेव्हा पंखा मी आधीच बंद करून ठेवला होता. तिनं फोल्डर उघडला, माझ्या चिठ्ठीची प्रत आणि पन्नास वाक्यांचा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि बोट ठेवलं.

"मॅडम, हे नाटक आणि संग्रहालयवालं. मी असहमत लिहिलं, त्याचा एक गुण असतो. तुम्ही धरला नाही. २९ नाही, ३० आहे."

मी पाहिलं. बरोबर होतं.

"तुम्हाला हे कधी दिसलं?"

"चिठ्ठी दिली तेव्हाच. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलली. नऊ आठवडे झाले, रोज रात्री तेच डोक्यात फिरून राहिलं." तिनं पेन माझ्याकडे सरकवलं. "आता दुरुस्त करता का? खाली सही पण लागेल. आणि आजची तारीख."